विश्वासाचे तारण

रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अभनपूर लागते. छत्तीसगडच्या या भागातील मुख्य पीक भात. पावसाळ्याच्या तोंडावर बियाणे, खत आणि मजुरी यांसाठी शेतकऱ्याला पैसा लागतो. पीक मात्र दिवाळीच्या सुमारास हाती येते. मधल्या काळात पैसा आणायचा कोठून? या साध्या प्रश्नातूनच शेतकऱ्यांच्या सहकारी बँकांचा जन्म झाला.

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाचे एकच उत्तर होते, ते म्हणजे सावकार. त्याचे व्याज भारी असे आणि कर्ज थकले की जमीन जाई. 1875 साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जरोखे जाळले. कागद जळाले, पण शेतकऱ्याची पैशाची गरज कायम राहिली.

त्याच सुमारास युरोपात या अडचणीवर वेगळा उपाय आकाराला येत होता. जर्मनीत रायफायझन यांनी खेड्यांत पतसंस्था उभारल्या. इटलीत लुइजी लुझाती यांच्या प्रेरणेने 1864 साली लोदी येथे लोकांची बँक स्थापन झाली. कारागीर व छोटे व्यापारी लहान रकमेचे भाग घेऊन तिचे मालक होत. पुढे 1883 साली लिओने वोलेमबोर्ग यांनी लोरेजा या खेड्यात शेतकऱ्यांची पतपेढी काढली. तेथे सर्व सभासद एकमेकांच्या कर्जाची जबाबदारी घेत. एकट्या गरिबाला बाजारात पत नसते. पण परस्परांना ओळखणारी माणसे एकत्र आली की त्यांचा एकमेकांवरील विश्वास हेच तारण ठरते, हे या संस्थांनी दाखवून दिले.

भारतात 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि गावोगावी संस्था निघू लागल्या. परंतु सगळेच सभासद गरजू असल्यावर कर्जासाठी भांडवल येणार कोठून? 1912 च्या नव्या कायद्याने ही उणीव दूर केली. गावच्या संस्थांना पैसा पुरवणाऱ्या मध्यवर्ती बँकांना त्याने मान्यता दिली.

लगेच पुढच्या वर्षी, 1913 साली, रायपूर येथे सहकारी मध्यवर्ती बँक स्थापन झाली. तिचे संस्थापक होते वामन बळीराम लाखे. रायपूरच्या मराठी कुटुंबात 1872 साली जन्मलेले लाखे व्यवसायाने वकील होते. 1900 साली माधवराव सप्रे यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, तेव्हा त्याच्या प्रकाशनाची जबाबदारी लाखे यांनी घेतली. बँकेच्या कामाला त्यांनी पुढे अनेक वर्षे वाहून घेतले. असहकाराच्या काळात त्यांनी ‘रायसाहेब’ हा सरकारी किताब परत केला आणि स्वातंत्र्यलढ्यात कारावासही भोगला. 1945 साली बलौदाबाजार येथे शेतकऱ्यांची सहकारी भातगिरणी उभी राहिली, त्यामागेही त्यांचेच प्रयत्न होते. पिकवणाऱ्याला कर्जाबरोबरच मालाचे योग्य मोलही मिळावे, ही त्यामागील दृष्टी होती. 1948 साली त्यांचे निधन झाले. रायपूरमधील लाखेनगर ही वस्ती आजही त्यांचे नाव सांगते.

मध्यवर्ती बँकेचे काम पाटबंधाऱ्यासारखे असते. ज्यांच्याजवळ शिल्लक आहे त्यांच्या ठेवी ती गोळा करते. ते पैसे गावच्या समितीला देते आणि समिती ते सभासदांना कर्जाऊ देते. पीक विकले की पैसा त्याच वाटेने परत येतो. आज अभनपूर परिसरातील शेतकरी आपल्या समितीमार्फत पीककर्ज घेतो आणि सरकारी खरेदीसाठी आपले भातही समितीच्याच केंद्रावर नेतो.

मात्र ही व्यवस्था परतफेडीवर उभी असते. एकाने ऐपत असून कर्ज बुडवले, तर दुसऱ्याच्या वाट्याचा पैसा अडतो. हिशेबात खोट निघाली, तर ठेवीदाराचा विश्वास उडतो आणि संस्था कोसळते. म्हणून सभेला हजर राहणे, हिशेब मागणे आणि घेतलेले कर्ज वेळेवर फेडणे ही सभासदाची कर्तव्ये ठरतात. मराठीत ‘पत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत: कर्ज मिळवण्याची योग्यता आणि लोकांतील अब्रू. सहकारी बँकेत हे दोन्ही अर्थ एक होतात.