शमुवेल ‘नाजीर’ होता काय? एका पाठभेदाचा विचार

प्राचीन इस्राएली लोकांत ‘नाजीर’ या नांवाचें एक व्रत होतें. मोडी दफ्तरांतील ‘नाजर’ या अधिकाऱ्याशीं या शब्दाचा संबंध नाहीं. येथें नाजीर म्हणजे देवासाठीं वेगळा ठेवलेला मनुष्य. ‘गणना’ ग्रंथाच्या सहाव्या अध्यायांत या व्रताचे नियम आहेत. द्राक्षवेलीपासून झालेला कोणताही पदार्थ सेवन करूं नये, डोक्यास वस्तरा लावूं नये, आणि प्रेताजवळ जाऊं नये, मग तें आईबापांचें कां असेना. मुदत भरल्यावर केस काढून शांत्यर्पणाखालील अग्नींत टाकीत. हें व्रत स्त्रियांसही घेतां येई. शमशोन मात्र जन्मापूर्वींच नाजीर ठरला होता.

शमुवेलाविषयीं वाद आहे. पुत्र झाल्यास तो आमरण देवास देईन व त्याच्या डोक्यास वस्तरा लागणार नाहीं, असा त्याच्या मातेनें, हन्नेनें, नवस केला. परंतु प्रचलित हिब्रू पाठांत तेथें ‘नाजीर’ हा शब्द नाहीं व द्राक्षारसाचाही निषेध नाहीं. म्हणून मिश्ना ग्रंथांत दोन पक्ष दिसतात. रब्बी नहोराय त्यास नाजीर मानतात. रब्बी योसे ‘मोरा’ या शब्दाचा अर्थ वस्तरा न घेतां ‘भय’ असा घेतात. म्हणजे त्यास मनुष्याचें भय राहणार नाहीं. त्यावर नहोराय विचारतात कीं, शौल आपणांस मारील असें शमुवेल स्वतःच म्हणाला, तें भय नव्हे काय?

आतां पोथ्यांचा पुरावा पाहूं. प्रचलित पाठाची ‘लेनिनग्राड’ या नांवानें ओळखली जाणारी संपूर्ण पोथी इ. स. १००८ च्या सुमाराची आहे. जुन्या ग्रीक भाषांतरांत नवसांत मद्याचा निषेध अधिक आहे. कैरोच्या गनिझांत सांपडलेल्या, बेन सिराच्या हिब्रू ग्रंथाच्या पानांत शमुवेलास ‘नाजीर’ म्हटलें आहे. इ. स. १९५२ मध्यें कुमरानच्या चौथ्या गुहेंत मिळालेल्या, इ. स. पूर्वीं पहिल्या शतकांतील चर्मपत्राच्या तुकड्यांत तर हन्नेच्याच तोंडीं ‘सर्वकाळ नाजीर’ असे शब्द आहेत.

मग हे शब्द मूळचे कीं मागाहून घातलेले? प्रचलित वाक्य ‘सर्वकाळ’ या शब्दांवर संपतें व कुमरानच्या जादा वाक्यांतही तेच शब्द येतात. एकावरून दुसऱ्यावर नजर घसरून लेखकाकडून मधला मजकूर गळणें शक्य आहे; आपल्या नकलांतही असें वारंवार घडतें. उलट, शमशोनाची कथा मनांत असलेल्या लेखकानें स्पष्टतेसाठीं शब्द घातला, हेंही शक्य आहे. पान जुनें म्हणून त्यावरील पाठही मूळचाच, असें आम्ही मानीत नाहीं.

तथापि एक गोष्ट निश्चित होते. शमुवेल नाजीर होता ही समजूत रब्बी नहोरायांच्या कल्पनेंतून निघाली नाहीं. त्यांच्या पूर्वीं कित्येक पिढ्या ती लिखित पाठांत होती. मूळ पाठाचा निर्णय देण्यास हा फाटका तुकडा अपुरा असला, तरी एका पक्षाचें प्राचीनत्व तो सिद्ध करतो. संग्राहकांनीं असे तुकडे अपूर्ण म्हणून टाकूं नयेत, एवढेंच आमचें सांगणें आहे.