गोंडघर फाटा ते उच्च न्यायालय

मांडवा म्हटलं की बाहेरच्यांना ‘अग्निपथ’ आठवतो. किनाऱ्यावरच्या माणसाला १९९३ साल. याच रायगडच्या किनाऱ्याला, खाली दक्षिणेकडे, दिघी आणि शेखाडीत त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत हत्यारं आणि आरडीएक्स उतरलं. दिघीचा माल घेऊन निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्याही होत्या. लाचेचा सौदा ठरला, रोकड कमी पडली, तेव्हा चांदीच्या विटा तारण ठेवून गाड्या पुढे सोडल्या. १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली.

त्या रात्री कायदा ढिला होता म्हणावं, तर टाडा हा कडक दहशतवादविरोधी कायदा लागू होताच. नाका विकला गेला होता.

टाडात पोलीस अधीक्षकापुढचा कबुलीजबाब पुरावा धरला जाई. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा उचलून धरला. पण देशभरात ७६ हजारांच्या आसपास माणसं धरली आणि शिक्षा झाल्या दोन टक्क्यांहूनही कमी. मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष रंगनाथ मिश्रा यांनी खासदारांना पत्रं लिहिली, आणि १९९५ मध्ये टाडाची मुदत वाढली नाही. कबुलीजबाबाचं कलम मात्र महाराष्ट्राच्या १९९९च्या मकोका कायद्यात शिरलं, २००२च्या ‘पोटा’ कायद्यातही. पोटा २००४ मध्ये गेला, मकोका आहे.

२००८च्या २६/११ला मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी पुन्हा समुद्रातूनच आले. कोळ्यांना ओळखपत्रं आली, बोटींची नोंदणी कडक झाली. कटकट असली तरी दर्यावरच्या माणसानं ती सोसली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात जामीन अवघड झाला, आरोपपत्राशिवाय १८० दिवस डांबायची सोय झाली. हा फरक मला मोठा वाटतो: ओळखपत्र खिशात राहतं, तुरुंगात वर्षं जातात.

किती जातात, ते २१ जुलै २०२५ला कळलं. ७/११च्या लोकल स्फोटांत विशेष न्यायालयानं दोषी धरलेले सगळे बारा जण मुंबई उच्च न्यायालयानं निर्दोष ठरवले. मकोकाखालचे कबुलीजबाब कोर्टाला विश्वासार्ह वाटले नाहीत. एकोणीस वर्षं गेली होती, त्या बारांतला एक जण तर तुरुंगातच वारला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत आत मात्र पाठवलं नाही.

पुढचा कडक कायदा विधानसभेत येईल तेव्हा आपल्या आमदाराला दोनच गोष्टी विचारा: पोलिसापुढचा कबुलीजबाब त्यात चालणार का, आणि फाट्यावर गाडी सोडणाऱ्याचं काय करणार?