विश्लेषण : फसलेल्या बँक दरोड्यातून ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ कसा जन्माला आला? ओलिसांना खरेच दरोडेखोरांचा लळा लागला होता का?

‘मनी हाइस्ट’ पाहिलेल्यांना मोनिका नक्की आठवत असेल. टांकसाळीत ओलीस असलेली ही कर्मचारी दरोडेखोराच्या प्रेमात पडते, टोळीत सामील होते आणि तिचे टोपणनाव पडते ‘स्टॉकहोम’. इम्तियाज अलीचा ‘हायवे’ २०१४ मध्ये आला तेव्हाही हाच शब्द चर्चेत होता. नवऱ्याचा मार खाऊनही घर न सोडणारी बाई असो की छळणाऱ्या बॉसची बाजू घेणारा सहकारी, ‘याला स्टॉकहोम सिंड्रोम झालाय’ असे आपण सहज म्हणून जातो. हा शब्द आला तो १९७३ मधल्या एका बँक दरोड्यातून. दरोडा साफ फसला, पैसे जिथल्या तिथे राहिले, कोणाचा जीवही गेला नाही. नाव मात्र जगभर झाले. त्यातही, ज्या तरुणीच्या वागण्यावरून हा शब्द तयार झाला, तिचे म्हणणे बराच काळ कोणी नीट ऐकूनच घेतले नाही.

दरोड्याच्या दिवशी नेमके काय घडले?

२३ ऑगस्ट १९७३, गुरुवार. स्टॉकहोमच्या मध्यवर्ती नॉर्मल्मस्टॉर्ग चौकातील क्रेडिटबँकेन या बँकेची शाखा नुकतीच उघडली होती. सकाळी दहाच्या सुमारास यान-एरिक ओल्सन हा ३२ वर्षांचा माणूस आत शिरला. डोक्यावर केसांचा टोप, डोळ्यांवर गॉगल. त्याने जॅकेटखालून सबमशीनगन काढली, छताच्या दिशेने गोळ्या झाडल्या आणि ‘पार्टी आता सुरू झाली आहे’ असे इंग्रजीत ओरडला. आपण अमेरिकन आहोत असे भासवण्याचा हा प्रयत्न होता. ओल्सन चोरीच्या गुन्ह्यात तीन वर्षांची शिक्षा भोगत होता. तुरुंगातून रजेवर सुटलेला हा गडी परतलाच नव्हता.

पोलीस लगेच पोहोचले. एका पोलिसाच्या हाताला गोळी लागली. दुसऱ्याला ओल्सनने खुर्चीवर बसवले आणि गाणे म्हणायला लावले. त्या बिचाऱ्यानेही म्हटले! बँकेतले बहुतेक लोक निसटले किंवा त्यांना सोडण्यात आले. ओल्सनने तीन महिला कर्मचाऱ्यांना ओलीस ठेवले. एक पुरुष कर्मचारी आत लपला होता, तो नंतर सापडला आणि ओलिसांची संख्या चार झाली.

दरोडेखोराला पैशांपेक्षा काय हवे होते?

ओल्सनने ३० लाख क्रोनर मागितले. तेव्हाच्या हिशेबाने ही रक्कम सुमारे ७ लाख डॉलर होती. शिवाय बंदुका, हेल्मेट, बुलेटप्रूफ जॅकेट आणि पळून जायला वेगवान गाडी. पण सर्वात विचित्र मागणी माणसाची होती. क्लार्क ओलोफसन या कैद्याला तुरुंगातून काढून बँकेत आणून द्या, असे त्याने सांगितले. (ओल्सन आणि ओलोफसन या नावांत गल्लत होणे साहजिक आहे. ओल्सन दरोडेखोर, ओलोफसन त्याने मागवलेला कैदी.)

ओलोफसन अवघा २६ वर्षांचा होता, पण स्वीडनमध्ये त्याचे नाव सगळ्यांना ठाऊक होते. बँका लुटणारा, तुरुंगातून पळणारा, देखणा, बोलका. एका पोलिसाच्या हत्येच्या प्रकरणातही त्याला शिक्षा झाली होती. त्याची आणि ओल्सनची ओळख तुरुंगातली. आश्चर्य म्हणजे सरकारने ही मागणी मान्य केली. त्याच दिवशी पोलीस बंदोबस्तात ओलोफसनला बँकेत सोडण्यात आले. पैसेही पोहोचले, निळी फोर्ड मस्टँगही दाराशी आली.

मग दरोडा फसला कुठे?

ओलिसांना सोबत घेऊन बाहेर पडायचे, एवढे एकच कलम सरकारने मान्य केले नाही. आणि ओल्सनची सगळी योजना त्या कलमावरच उभी होती. ओलीस सोबत नसतील तर गाडी सुरू होण्याआधीच पोलीस गोळ्या घालतील, हे त्याला कळत होते.

सरकार इतके का अडून बसले? त्याचे उत्तर एक वर्ष मागे सापडते. सप्टेंबर १९७२ मध्ये क्रोएशियन अतिरेक्यांनी स्वीडनमध्ये एका विमानाचे अपहरण केले होते. प्रवाशांच्या बदल्यात सरकारने तुरुंगातले त्यांचे साथीदार आणि ५ लाख क्रोनर दिले. युगोस्लाव्हियाच्या राजदूताची हत्या करणारेही या सुटलेल्यांत होते. त्या नामुष्कीनंतर वर्षभरातच हा दरोडा पडला. त्यात सप्टेंबर १९७३ ची निवडणूक तोंडावर आलेली आणि पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांची कसोटी लागलेली. ओल्सनने वेळ इतकी वाईट निवडली होती की, आधीच्या वर्षी कदाचित जमून गेले असते.

पोलिसांचे चित्रही फारसे बरे नव्हते. सुरुवातीला त्यांनी दरोडेखोराची ओळखच चुकवली. तो दुसराच एक फरार गुन्हेगार आहे असे समजून त्यांनी त्या गुन्हेगाराच्या अल्पवयीन भावाला समजूत घालायला पाठवले. ओल्सनने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. सुदैवाने तो बचावला.

बाहेर चौकात कॅमेऱ्यांची रांग लागली. स्वीडिश टीव्हीवर एखादे गुन्हेगारी नाट्य असे थेट दिसण्याची ती अगदी सुरुवातीची वेळ. लोक पोलिसांना फोन करून तोडगे सुचवू लागले. कोणी म्हणाले, बँडवर भक्तिगीते वाजवा. कोणी म्हणाले, आत चवताळलेल्या मधमाश्या सोडा. आजची ट्विटरवरची तज्ज्ञ मंडळी तेव्हा टेलिफोनवर होती, इतकाच फरक.

बँकेच्या तिजोरीत काय घडत होते?

ओलीस आणि दोघे गुन्हेगार बँकेच्या भक्कम तिजोरीच्या खोलीत मुक्कामाला गेले. तिथल्या गोष्टी पुढे जगभर सांगितल्या गेल्या. एका ओलीस तरुणीला बंद जागेची भीती वाटत होती. ओल्सनने तिच्या गळ्यात लांब दोरी बांधली आणि तिला खोलीबाहेर फिरू दिले. थंडी वाजली तेव्हा अंगावर आपले जॅकेट टाकले. तिला तेव्हा तो दयाळू वाटला. पुरुष ओलिसाला तर ओल्सनने सांगितले की, पोलिसांना जरब बसावी म्हणून मी तुझ्या पायावर गोळी झाडणार आहे. प्रत्यक्षात ती झाडली नाही. पण ‘फक्त पायावरच मारतो म्हणतोय, किती भला माणूस’ असे आपल्या मनात आल्याचे या ओलिसाने नंतर सांगितले.

ओलिसांची प्रकृती पाहायला पोलीस आयुक्त आत गेले तेव्हा त्यांना धक्काच बसला. ओलीस त्यांच्याशी तुटक वागत होते आणि दरोडेखोरांशी मोकळेपणाने.

सर्वाधिक गाजला तो क्रिस्टिन एनमार्क या २३ वर्षांच्या कर्मचारी तरुणीचा फोन. तिने थेट पंतप्रधान पाल्मे यांच्याशी दीर्घ संवाद साधला. आम्हाला या दोघांबरोबर गाडीतून जाऊ द्या, मला त्यांची भीती वाटत नाही, भीती वाटते ती पोलीस आत घुसतील आणि त्यात आम्ही मरू याची, असा तिचा सूर होता. पाल्मे बधले नाहीत. तुम्ही तुमच्या कामाच्या जागी मरण पत्करलेत तर बरे वाटणार नाही का, अशा अर्थाचे काही ते आपल्याला म्हणाले, असे एनमार्क यांनी पुढे वारंवार सांगितले आहे. बँकेतूनच तिने रेडिओवरही पोलिसांच्या पद्धतीवर टीका केली.

शेवट कसा झाला?

पुढे पोलिसांनी तिजोरीचा जाडजूड दरवाजा बाहेरून लावून घेतला. आता गुन्हेगार आणि ओलीस एकाच पेटीत बंद. २६ ऑगस्टला वरच्या मजल्यावरून छताला भोक पाडायला सुरुवात झाली. त्या भोकातून टिपलेले ओलिसांचे आणि ओलोफसनचे छायाचित्र आजही या घटनेची ओळख आहे. ओल्सनने त्याच भोकातून गोळी झाडली. एका पोलिसाच्या हाताला आणि चेहऱ्याला इजा झाली. पोलीस वायू सोडणार हे लक्षात येताच ओल्सनने ओलिसांच्या गळ्यात फास अडकवले. वायूने बेशुद्ध होऊन कोणी कोसळले तर फास आवळला जाईल, ही त्यामागची धमकी. ‘दयाळू दरोडेखोर’ रंगवताना हा तपशील बहुतेक वेळा गाळला जातो.

२८ ऑगस्टच्या रात्री पोलिसांनी वायू सोडलाच. अर्ध्या तासात दोघे शरण आले. सुमारे १३१ तासांचे नाट्य संपले. ओलिसांनी आधी बाहेर यावे असे पोलीस सांगत होते, पण ओलिसांनी नकार दिला. आपण आधी गेलो तर मागे या दोघांना गोळ्या घालतील, अशी त्यांना शंका होती. दारात त्यांनी दोघांना मिठी मारली, हस्तांदोलन केले आणि मग सगळे बाहेर आले.

‘सिंड्रोम’ हे नाव कोणी दिले?

पोलिसांना सल्ला देणारे मानसोपचारतज्ज्ञ निल्स बेयेरोट यांनी. त्यांनी त्याला ‘नॉर्मल्मस्टॉर्ग सिंड्रोम’ म्हटले. परदेशी जिभांना ते पेलवेना, म्हणून ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ झाले. पुढे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ फ्रँक ऑकबर्ग यांनी त्याची व्याख्या बांधली : ओलिसाला अपहरणकर्त्याबद्दल जवळीक वाटणे, पोलीस-सरकारबद्दल राग वाटणे आणि अपहरणकर्त्यालाही ओलिसाबद्दल आपुलकी वाटणे.

शब्द जगभर पसरायला लगेच निमित्तही मिळाले. फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेत वृत्तपत्रसम्राटाची नात पॅटी हर्स्ट हिचे एका सशस्त्र गटाने अपहरण केले. दोन महिन्यांनी ती त्याच गटासोबत सॅन फ्रान्सिस्कोतील बँक लुटताना कॅमेऱ्यात दिसली. न्यायालयाने मात्र मनावर ताबा मिळवल्याचा बचाव मानला नाही आणि १९७६ मध्ये तिला दोषी ठरवले. नंतर अध्यक्ष जिमी कार्टर यांनी शिक्षा कमी केली आणि २००१ मध्ये बिल क्लिंटन यांनी माफी दिली.

आक्षेप कशावर आहे?

पहिला आक्षेप साधा आहे. बेयेरोट यांनी निदान केले तेव्हा ते क्रिस्टिन एनमार्कशी बोललेलेच नव्हते. रुग्णाला न तपासता केलेले हे निदान. दुसरा मुद्दा हितसंबंधांचा. ज्या पोलिसी कारवाईवर ती टीका करत होती, त्याच कारवाईचे बेयेरोट सल्लागार होते. टीका करणारीलाच आजारी ठरवले की टीकेला उत्तर द्यावे लागत नाही. एनमार्क यांच्याशी नंतर सविस्तर बोललेले कॅनडातील समुपदेशक अॅलन वेड यांची मांडणी साधारण अशीच आहे. गोळीबार करणारा माणूस, दार बंद करणारे पोलीस आणि अडून बसलेले पंतप्रधान यांच्यात सापडलेल्या तरुणीने जगण्यासाठी जो हिशेब केला, तो रोग नव्हता, असे ते सांगतात. ओल्सनला शांत ठेवू शकणारा ओलोफसन हाच त्या खोलीत तिला भरवशाचा वाटला. छताला ड्रिल चालू असताना तो अंदाज वेडेपणाचा म्हणता येईल का?

तिसरी बाब विज्ञानाची. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत हा सिंड्रोम कधीच आलेला नाही. २००८ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेणाऱ्या एका शोधनिबंधालाही निदानाचे तपासून पाहिलेले निकष सापडले नाहीत. चार ओलिसांच्या नमुन्यावर उभा राहिलेला निष्कर्ष पन्नास वर्षे चालतो, हे तसे नवलच.

याचा अर्थ ओलीस आणि अपहरणकर्ता यांच्यात नाते तयार होत नाही असा नाही. स्टॉकहोमच्या बरोबर वर्षभर आधी, २२ ऑगस्ट १९७२ ला, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्येही असाच एक बँक दरोडा फसला होता. तिथेही कर्मचारी दरोडेखोरांशी बऱ्यापैकी जुळवून घेऊन राहिले. विमानतळावर एका दरोडेखोराला एफबीआयने ठार मारले आणि त्यावर ‘डॉग डे आफ्टरनून’ हा अल पचिनोचा चित्रपट आला. त्या ओलिसांवर मात्र कोणी रोगाची पाटी लावली नाही.

सर्वाधिक नुकसान झाले ते या खोलीबाहेरच्या बायकांचे. हिंसक नवऱ्यासोबत राहणारी बाई घर का सोडत नाही, याची उत्तरे अनेकदा पैसा, मुले, माहेरचे बंद दार आणि सोडल्यावर जीव जाण्याची भीती यांत असतात. ‘सिंड्रोम’ म्हटले की हे प्रश्न विचारायचे राहून जाते.

पुढे कोणाचे काय झाले?

ओल्सनला १० वर्षांची शिक्षा झाली. सुटल्यावर तो बरीच वर्षे थायलंडमध्ये राहिला. ओलिसांनी प्रतिकार केला असता तर मारणे सोपे गेले असते, सोबत राहून ते अवघड झाले, अशा आशयाचे त्याने तुरुंगात सांगितले होते. म्हणजे जुळवून घेण्याचा ओलिसांचा मार्ग उपयोगी पडला, याची कबुली खुद्द दरोडेखोराने दिली. ओलोफसन या प्रकरणातून अपिलात सुटला. आपण ओलिसांना वाचवायलाच होतो, असा त्याचा दावा होता. नंतर इतर गुन्ह्यांत तो पुन्हा पुन्हा तुरुंगात गेला. त्याच्यावर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘क्लार्क’ ही मालिका आली. जून २०२५ मध्ये त्याचे निधन झाले.

क्रिस्टिन एनमार्क यांनी बँकेची नोकरी सोडली, समाजकार्य आणि मानसोपचाराच्या क्षेत्रात काम केले आणि आपली बाजू सांगणारे पुस्तकही लिहिले. नॉर्मल्मस्टॉर्ग चौकातील त्या इमारतीत आज एक आलिशान हॉटेल चालते.