स्वस्त सर्व्हर घ्या, पण कोणाच्या भरवशावर?

शाळा, दवाखाने, छोटे कारखाने यांच्या वेबसाइट आणि ईमेल आपल्या यंत्रावर सांभाळायच्या आणि त्याचं भाडं घ्यायचं, हा वेब होस्टिंगचा व्यवसाय. एकेका गिऱ्हाइकाकडून मिळणारी रक्कम लहान असते, म्हणून यंत्र स्वस्त हवं हे ओघानेच आलं. मात्र किंमत विचारण्याआधी आणखी एक गोष्ट पाहायला हवी. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने उद्या हात वर केले, तर ते आपल्या बळावर चालवता येईल का? या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते यंत्र कितीही कमी किमतीत मिळालं तरी महागच पडतं, असं माझं मत आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा कोबाल्ट नेटवर्क्स या कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या इतिहासात आहे. १९९८ मध्ये तिने होस्टिंगवाल्यांसाठी ‘कोबाल्ट रॅक’ नावाचा जेमतेम पावणेदोन इंच उंचीचा निळा सर्व्हर बाजारात आणला. त्याला ना मॉनिटर लागे, ना कीबोर्ड. दर्शनी बाजूला छोटा पडदा आणि बाणांची बटणं होती. त्यांवर नेटवर्कचा पत्ता भरला की पुढचं सगळं काम ब्राउझरमधून होई. नवी वेबसाइट उघडणं, ईमेल खाती देणं, यासाठी लिनक्सची एकही आज्ञा पाठ करावी लागत नसे. आत प्रोसेसर अगदी साधा होता आणि बहुतेक मॉडेलांत डिस्कही एकच. पण एवढी सोय इतक्या कमी पैशांत तेव्हा क्वचितच मिळे. जगभरच्या छोट्या होस्टिंगवाल्यांनी ती यंत्रं घेतली. २००० मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने सुमारे दोन अब्ज डॉलर मोजून ही कंपनी विकत घेण्याचा करार केला आणि २००३ मध्ये ही यंत्रं बनवणंच थांबवलं.

खरी अडचण तिथून पुढे सुरू झाली. यंत्रं धडधाकट होती, पण ब्राउझरमधून चालणारं त्यांचं कंट्रोल पॅनल आतल्या सॉफ्टवेअरच्या ठरावीक आवृत्त्यांशी जखडलेलं होतं. वेबसर्व्हर किंवा पीएचपी स्वतः बदलायला जावं, तर पॅनल बिघडण्याची भीती; आणि बदलू नये, तर सुरक्षेची भोकं तशीच उघडी. या भोकांची भीती काल्पनिक नव्हती. डिसेंबर २००२ मध्येच ‘रॅक ४’ या मॉडेलसाठी दिलेल्या सुरक्षा वाढवणाऱ्या पॅकेजमध्ये असं छिद्र सापडलं होतं, की बाहेरच्या माणसाला थेट यंत्राचा पूर्ण ताबा मिळावा. पुढे सनने पॅनलचा कोड खुला केला आणि स्वयंसेवकांनी त्यातून ब्लूक्वार्ट्झ आणि मग ब्लूओनिक्स उभं केलं, म्हणून काहींना वाट सापडली. ही वाट कोड खुला झाल्यामुळे निघाली, यंत्र सोपं होतं म्हणून नव्हे.

हे जुनं झालं, असं कोणी म्हणेल. पण २०१९ मध्ये सीपॅनेल या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पॅनलने खात्यांच्या संख्येवर दर लावले, तेव्हा एकाच सर्व्हरवर शेकडो छोटी खाती ठेवणाऱ्यांचा हिशेब कोलमडला. सेंटओएस ८ या लिनक्सचा आधार २०२१ अखेर बंद झाला, तेव्हा मात्र अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे पर्याय त्याच वर्षी तयार झाले, कारण मूळ कोड सर्वांसाठी खुला होता. सुटकेची वाट आधीपासून असणं आणि नसणं, यातला फरक इथे स्पष्ट दिसतो.

म्हणून नवख्या होस्टिंगवाल्याने बंद पेटीतलं तयार उपकरण टाळावं आणि मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेला, तीन-चार वर्षं जुना, सर्रास आढळणारा सर्व्हर घ्यावा. त्याच्या डिस्क, मेमरी, पॉवर सप्लाय सुटे मिळतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून जोडलेला डेस्कटॉप याहून स्वस्त पडेल, पण त्यात सहसा ईसीसी मेमरी नसते. ही मेमरी डेटातली बारीक चूक ओळखून दुरुस्त करते. गूगलच्या सर्व्हरांवर झालेल्या २००९ च्या अभ्यासात वर्षभरात सुमारे आठ टक्के मेमरी पट्ट्यांमध्ये अशा चुका आढळल्या होत्या. तेव्हा हा खर्च चैनीचा नव्हे. दुसरी गोष्ट, दूरस्थ व्यवस्थापनाचं स्वतंत्र पोर्ट हवं. सर्व्हर नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आणि आपण कोल्हापुरात असलो, तर रात्री दोनला अडकलेलं यंत्र पुन्हा सुरू करायचा तोच मार्ग उरतो.

जुनं यंत्र वीज खातं, हा आक्षेप रास्त आहे. २०० वॅटचं यंत्र अखंड चाललं तर वर्षाला १,७५२ युनिट जळतात. युनिटला दहा रुपये धरले तरी साडेसतरा हजारांचा खर्च झाला. म्हणून फार जुनी पिढी नकोच, आणि डेटा सेंटरचं भाडं विजेवर ठरतं की जागेवर, हे आधी विचारून घ्यावं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: लिनक्स येत नसलेल्याने काय करायचं? त्याने सुरुवातीला व्हर्च्युअल सर्व्हर भाड्याने घ्यावा, हे उत्तम. गिऱ्हाइकं वाढल्यावर स्वतःचं यंत्र घेताना जाणकार माणसाचे पैसे त्यात धरावेत, कारण उपकरण सोपं असलं तरी ते बिघडल्यावर त्याच माणसाला बोलवावं लागतं.

यंत्रातल्या दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात म्हणून बॅकअप टाळणं मात्र धोक्याचं. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच या स्वस्त सर्व्हरसाठी नावाजलेल्या कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. ज्यांच्या प्रती त्याच जागी होत्या, त्यांची माहिती कायमची गेली. प्रत दुसऱ्या शहरात ठेवा. आणि सौदा पक्का करण्यापूर्वी विक्रेत्यासमोर यंत्र चालू असताना दोनपैकी एक डिस्क बाहेर ओढून बघा. ते थांबलं, तर पैसे देऊ नका.