बांधावरचा अडुळसा आणि परसातला अडुळसा



अडुळसा आपल्याला नवा नाही. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव या पंचवटीकडच्या गावांत घरच्या म्हाताऱ्या माणसांना त्याचा पाला खोकल्यावर चालतो एवढे नक्की ठाऊक असते. पण हे झुडूप आपल्याच मातीतले असून कुंपणाला, मधमाश्यांना आणि औषधाला अशा तिन्ही कामी येते. शेळ्या-गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, पाल्याचा वासच तसा उग्र. तमिळमध्ये तर त्याच्या नावाचा अर्थच ‘शेळी शिवत नाही’ असा आहे.

लागवड फाट्यापासून करावी. मृगाचा पाऊस झाला की जून फांदीचे, पेन्सिलीएवढे जाड, वीतभर लांब फाटे काढावेत. प्रत्येकावर तीन-चार पेरे हवेत. दोन पेरे मातीत जातील असे फाटे पिशवीत लावावेत. पिशवीत माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत भरावे. सावलीत ठेवून ओल टिकवली की दोनएक महिन्यांत मुळ्या धरतात. पाऊस धरून असेल तर थेट बांधावर लावले तरी जगतात, मात्र चार जास्त लावा, काही मरतातच. कुंपणासाठी दोन ओळी तिरकस घेऊन दीड-दोन फुटांवर एकेक रोप ठेवावे. गोदाकाठच्या काळ्या जमिनीत पाणी साचते आणि साचलेल्या पाण्यात मुळ्या कुजतात, म्हणून लागण उंचवट्यावरच करावी. पहिला उन्हाळा आठ-दहा दिवसांनी पाणी द्या. पुढे त्याचे ते बघून घेते.

आता छाटणीचे. ‘साहेब, झाड हिरवंगार आहे, पण फूल म्हणून नाही,’ अशी तक्रार असते. विचारले तर कळते, कुंपण नीटनेटके दिसावे म्हणून दिवाळीच्या आधी कात्री चालवलेली असते. अडुळशाची पांढरी फुले फांद्यांच्या शेंड्यांकडे, थंडीत येतात. शेंडेच गेले तर फुले कुठून येणार? छाटणी फुले संपल्यावर, पाऊस लागण्यापूर्वी करावी. गणपतीनंतर कात्री लावू नये. छाटलेला कोवळा पाला वाया घालवू नका. हिरवळीचे खत म्हणून तो चांगला कुजतो.

ही फुले थंडीत येतात तेव्हा रानात इतर फूल कमी असते. भुंगे आणि मधमाश्या त्यावर येतात. ज्यांनी कांद्याचे बी धरण्यासाठी डोंगळे लावले आहेत त्यांना माश्यांची गरज सांगायला नको. त्यांच्याशिवाय बी भरत नाही. म्हणून फुलोऱ्यात शेजारच्या पिकावर कीटकनाशक मारायचेच असेल तर माश्या घरी गेल्यावर, संध्याकाळी मारावे.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. द्राक्षबागेच्या बांधावरचा पाला औषधाला तोडू नये. बागेवर एका हंगामात किती फवारण्या होतात ते तुम्हीच जाणता. वाऱ्याने उडालेले ते सगळे बांधावरच्या पानांवर बसते, आणि काही औषधे नुसती धुतल्याने निघत नाहीत. खोकल्यासाठी एक झाड परसात, फवाऱ्यापासून लांब, वेगळे लावावे. कुंपणाचे ते कुंपणाला, घरचे ते घराला.

पानांत व्हॅसिसीन नावाचे द्रव्य असते. छातीतला कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झीन हे औषध त्याच द्रव्यावरून घडवलेले आहे. परंतु त्या द्रव्याने गर्भाशयही आकुंचन पावते. म्हणून गरोदर बाईला अडुळशाचा रस किंवा काढा मुळीच देऊ नये, सासूबाई कितीही म्हणोत. लहान मुलांनाही अंदाजाने पाजू नये. माप वैद्यांना विचारावे. बाजार समितीत माल घेऊन पंचवटीत आलात की गणेशवाडीतले आयुर्वेद महाविद्यालय जवळच आहे.

आणखी एक. दोन आठवड्यांवर खोकला राहिला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन उतरले किंवा थुंकीत रक्त दिसले, तर काढ्यावर दिवस काढू नका. तो क्षय असू शकतो. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि क्षयाची औषधे फुकट मिळतात. ती पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावी लागतात, बरे वाटले म्हणून मध्येच सोडायची नाहीत.