किल्ल्यावरील ‘चित्रे’

दिवाळीत किल्ल्यावर मांडावयाच्या मातीच्या मावळ्यांना पुण्याकडे ‘चित्रे’ म्हणतात. चित्र म्हणजे सपाट रंगाकृती, अशी समजूत असणाऱ्यास हा प्रयोग सदोष वाटतो. परंतु मानसारादी शिल्पग्रंथांत सर्व बाजूंनी दिसणारी मूर्ती हेच ‘चित्र’ होय. उठावातील आकृती ‘अर्धचित्र’, तर भिंतीवरील वा पटावरील रंगकाम ‘चित्राभास’. बाजारातील अर्थ या ग्रंथांतूनच आला, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. मात्र त्यास अपभ्रष्ट ठरविण्याचेही कारण उरत नाही.

हे ‘चित्र’ कोणाचे, हे पुष्कळदा भोवतालची रचना ठरविते. दगडविटांवर चिखलात बुडविलेले पोते पसरून डोंगर रचतात, गेरूने तट रंगवितात, आळीव पेरून रान उगवितात. एकाच साच्यातून निघालेला भालाईत दरवाजाशी ठेविला की पहारेकरी ठरतो. उतारावर ठेविला की चढाई करणारा. सिंहासनाधिष्ठित शिवाजीमहाराज माथ्यावर विराजमान होताच तोच ढिगारा १६७४ च्या राज्याभिषेकाचा रायगड होतो.

म्हणून हा शब्द केवळ कोशात न पाहता, विक्रेते व मुले यांच्या तोंडून, त्या त्या रचनेच्या वर्णनासह, गावोगाव टिपून घेणे अगत्याचे आहे.