लांब पल्ल्याची राणी

आकाशातले ओझेवाले : लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात आपण पॅकेट विमानाची ओळख करून घेतली. जुलै १९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी ते लडाखच्या टोकाला, दौलत बेग ओल्डीच्या सोळा हजार फुटांहून उंच पठारावर उतरवले होते. पॅकेटचे पोट जमिनीलगत असते आणि मागची बाजू सताड उघडते, त्यामुळे जीपसुद्धा आत चढते. आजचे विमान नेमके उलट घडणीचे आहे, आणि तरीही त्याने सैन्याचा माल वाहिला. ते पाहायला आपल्याला गोव्यात जावे लागेल.

दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये ते खुले झाले. तिथल्या आवारात सर्वांत आधी नजरेत भरते ते लॉकहीडचे सुपर कॉन्स्टेलेशन, क्रमांक आयएन ३१५. एअर इंडियात असताना या विमानाचे नाव होते ‘रानी ऑफ एलोरा’. वेरूळच्या लेण्यांचे नाव घेऊन ते जगभर फिरले.

शेपटीला एकाऐवजी तीन उभी पाती का, हा पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो. एवढे मोठे विमान सरळ ठेवायला शेपटीचे क्षेत्रफळ भरपूर लागते. ते एकाच पात्यात बसवले असते, तर विमान त्या काळच्या हँगरांत मावले नसते. म्हणून ते तिघांत वाटले. पुढच्या चाकाचा पाय उंच आहे, कारण अवाढव्य पंखे जमिनीला लागू नयेत.

पण या विमानाचा खरा गुण इंजिनांत आहे. चार इंजिने, प्रत्येकात अठरा सिलिंडर, म्हणजे एकूण बहात्तर. साध्या इंजिनातून धुरासोबत बरीच ऊर्जा वाया जाते. राईट कंपनीच्या या इंजिनांत त्या धुराच्या वाटेवर तीन छोटी टर्बाइन बसवलेली होती. धूर ती फिरवी आणि ती शक्ती पुन्हा इंजिनाच्या दांड्यालाच मिळे. तेवढ्याच इंधनात विमान अधिक दूर जाई. यंत्र नाजूक होते, देखभाल करणाऱ्यांचा घाम काढणारे होते. मात्र त्यामुळेच सुपर कॉन्स्टेलेशन तासन् तास हवेत राहू शकत असे. पुढचा सगळा इतिहास या एका गुणाभोवती फिरतो.

एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. ते जुन्या, आखूड बांध्याचे कॉन्स्टेलेशन होते. १९५४ पासून त्याची थोरली बहीण, म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन, ताफ्यात आली. मग १९६० साली बोइंग ७०७ हे जेट आले आणि पंख्यांच्या विमानांचे दिवस भरले. जून १९६२ मध्ये एअर इंडियाचा सगळा ताफा जेटचा झाला. परदेशी चलनाची चणचण असलेल्या देशाला अशी धडधाकट विमाने मोडीत काढणे परवडणारे नव्हते. ती हवाई दलाकडे गेली आणि पुण्याच्या लोहगाव तळावर सहाव्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाली.

‘रानी ऑफ एलोरा’ला मालवाहू केले गेले होते आणि तिच्या बाजूला मालाचे मोठे दार आले होते. हे वाटते तेवढे सोपे काम नाही. उंचीवर उडताना आतल्या हवेचा दाब विमानाची नळी सतत बाहेर ढकलत असतो. त्या नळीला मोठे भोक पाडले की तिथला ताण कडेच्या चौकटीने पेलावा लागतो, म्हणून दाराभोवती मजबुती वाढवावी लागते. शिवाय उंच पायांमुळे दार जमिनीपासून बरेच वर राहते. पक्की, लांब धावपट्टी आणि माल चढवायची सोय नसेल, तर असे विमान निरुपयोगी. लडाखच्या पठारावर पॅकेटची जागा ते घेऊ शकत नव्हते. मात्र एका मोठ्या तळावरून दुसऱ्या दूरच्या तळावर माणसे आणि सामान न्यायला ते उत्तम होते.

तोच पल्ला समुद्रावर कामी आला. जहाजावर वीस मीटर उंच उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला क्षितिज जेमतेम सोळा किलोमीटरवर दिसते. दीड हजार मीटरवर उडणाऱ्या विमानातून तेच क्षितिज सुमारे १४० किलोमीटरवर जाते. असे विमान दिवसभर हवेत राहू शकले, तर केवढा समुद्र नजरेखाली येतो! १९७१ च्या युद्धात हवाई दलाच्या सुपर कॉन्स्टेलेशन विमानांनी अरबी समुद्रावर टेहळणी केली. आपल्या उत्तन-पालीचे कोळी जिथे जाळी टाकतात, तोच हा समुद्र. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपणा सर्वांची सुरक्षा त्या लांब, कंटाळवाण्या फेऱ्यांवर अवलंबून होती.

नोव्हेंबर १९७६ मध्ये टेहळणीचे काम नौदलाकडे आले. पाच सुपर कॉन्स्टेलेशन विमाने दाबोळीला पोहोचली आणि ३१२ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. कारखान्यातले उत्पादन १९५८ मध्येच थांबलेले होते. तरी तंत्रज्ञांनी ती विमाने ऐंशीच्या दशकापर्यंत उडती ठेवली. पुढे १९८८ मध्ये याच स्क्वाड्रनला रशियन टीयू-१४२ मिळाले आणि आज ती पी-८आय चालवते. समुद्रावरच्या पहाऱ्याची ही परंपरा दाबोळीत एका निवृत्त प्रवासी विमानापासून सुरू झाली.

संग्रहालयांत लढाऊ विमानांभोवती गर्दी असते. लढाईचा पराक्रम मोठाच. पण दारूगोळा, अन्न आणि बातमी पोहोचली नाही, तर लढणारा हतबल होतो. ‘रानी ऑफ एलोरा’ने एकाच आयुष्यात प्रवासी, माल आणि टेहळणी अशी तिन्ही कामे केली. मुंबई, पुणे आणि गोवा या तीन ठिकाणांचा, तीन संस्थांचा हवाई इतिहास तिच्यात एकवटला आहे. म्हणून तिचे जतन नुसत्या रंगाच्या हातावर भागवू नये. ॲल्युमिनियमला खारी हवा आतून खाते. रिव्हेटांच्या सांध्यांत पाणी मुरले की पत्रा पोकळ होतो. कोकण-गोव्याच्या पावसात उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाला छप्पर आणि तज्ज्ञांची नियमित तपासणी हवी. हा खर्च आपण इतिहासावरचा खर्च म्हणून मान्य करायला हवा.

गोव्याला जाल तेव्हा अर्धा दिवस या संग्रहालयासाठी राखून ठेवा. मुलांना घेऊन जा आणि शेपटीची तीन पाती मोजायला सांगा. मग बाजूचे दार दाखवा आणि जमिनीपासूनची त्याची उंची पाहून विचारा, इथे माल कसा चढवत असतील?

(पुढील आठवड्यात : २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला उतरलेली डाकोटा विमाने.)